घरातील विजेची आग: ती लागण्याआधी कशी ओळखावी आणि कशी रोखावी

एखाद्या घराला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य हमखास छापून येते. ते वारंवार वाचून आपली अशी समजूत होते की वीज ही लहरी आहे, ती एखाद्या क्षणी अचानक भडकते आणि तिच्यापुढे कोणाचा इलाज चालत नाही. ही समजूत चुकीची आहे आणि धोकादायकही आहे, कारण तिच्यामुळे आपण आपल्या हातात असलेले काम टाळतो. फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी वायर) यांचा थेट संपर्क होऊन खरा शॉर्टसर्किट झाला, तर चांगल्या स्थितीतील एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो. घरातील पुष्कळ आगी याहून फार संथपणे तयार होतात. एखाद्या सॉकेटच्या मागचा स्क्रू सैल झालेला असतो किंवा एखादी वायर कुवतीपेक्षा जास्त भार वाहत असते, आणि ती जागा आठवडेच्या आठवडे रोज थोडी थोडी तापत राहते. तिच्यावरचे प्लास्टिक आधी मऊ पडते, मग कडक होऊन तडकते, मग काळे पडते, आणि एके दिवशी शेजारचा पडदा किंवा लाकडी फळी पेट घेते. शेवटी वायरी एकमेकींना चिकटून शॉर्टसर्किट होतोही, पण तोवर मूळ कारण घडून बराच काळ लोटलेला असतो. म्हणून घर सुरक्षित करण्याचे काम मुख्यतः तापणाऱ्या जागा वेळेवर शोधण्याचे आहे.

सैल सांधा

वायरीतून किंवा सांध्यातून वीज जाताना निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने वाढते. हा शाळेत शिकलेला नियम येथे प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते, म्हणजे २ किलोवॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. आता गिझरच्या सॉकेटमधील एका वायरीचा स्क्रू सैल आहे आणि त्या सांध्यात जेमतेम अर्धा ओहम रोध निर्माण झाला आहे असे समजू. एवढ्याने त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत सुमारे ३६ वॅट उष्णता तयार होऊ लागते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हातातील सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटचे असते आणि त्याने कथील वितळते. त्याहून जास्त उष्णता तुमच्या भिंतीतील प्लास्टिकच्या डबीत, गिझर चालू असेपर्यंत, साठत राहते.

या उदाहरणातील सर्वांत महत्त्वाची बाब अशी की एमसीबीला यातले काहीच कळत नाही. सांध्यातील वाढलेल्या रोधामुळे प्रवाह किंचित कमीच होतो, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सारे सुरळीत चाललेले असते. वीज बाहेर गळू लागली की ती तोडणारे आरसीसीबी हे उपकरणही, येथे गळती होत नसल्यामुळे, स्वस्थ राहते. घरात सगळी आधुनिक उपकरणे बसवली आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ठिणग्या ओळखून वीज तोडणारी वेगळ्या प्रकारची उपकरणे आता मिळतात, परंतु ठिणगी न पडता नुसता तापणारा सांधा त्यांनाही दिसत नाही. तो शोधण्यासाठी आपला हात, नाक आणि डोळे हीच साधने आहेत.

माझ्या आईच्या घरी गिझरच्या स्विचभोवती पिवळट डाग पडला होता आणि तो बाथरूमच्या वाफेचा असावा, असे समजून आम्ही जवळजवळ एक पावसाळा तो पुसत राहिलो. पुढे एकदा गिझर बंद करताना बोटाला चटका बसला, तेव्हा वायरमनला बोलावले. त्याने प्लेट उघडली तेव्हा आतील वायरीचे आवरण तीन-चार सेंटीमीटर काळे होऊन गळून पडले होते आणि लाकडी बोर्डाची आतली बाजू कोळशासारखी झाली होती. घरातील एमसीबी त्या काळात एकदाही पडला नव्हता. तो डाग आम्हांला महिनोन्महिने सांगत असलेली गोष्ट आम्ही ऐकली नाही, याची खंत मला आजही वाटते, आणि हा लेख लिहिण्याचे ते एक कारण आहे.

तपासणी कशी करावी, हे सांगतो. गिझर, इस्त्री, एसी, इंडक्शन शेगडी, पाण्याचा पंप यांसारखे जास्त वीज घेणारे प्रत्येक उपकरण नेहमीप्रमाणे पंधरा-वीस मिनिटे चालवावे आणि बंद करावे. लगेच कोरड्या हाताची मागची बाजू स्विचच्या प्लेटला, पिन-टॉपला (प्लगला) आणि पिनजवळच्या वायरीला लावून पाहावी. किंचित कोमट लागणे समजण्यासारखे आहे, परंतु हात ठेववत नसेल तर ते उपकरण त्या जागेवर पुन्हा लावू नये. त्यानंतर स्विच बंद आहे याची खात्री करून पिन बाहेर काढावी आणि तिचे पितळ पाहावे. चकचकीत पितळाऐवजी काळसर, निळसर किंवा खडबडीत झालेली पिन दिसली, तर सॉकेटच्या आतील पाकळ्यांची पकड सैल झाली आहे असे समजावे. अशा वेळी केवळ पिन-टॉप बदलून उपयोग होत नाही, कारण जळकी पिन नवे सॉकेट बिघडवते आणि जळके सॉकेट नवी पिन बिघडवते. दोन्ही एकदम बदलावीत.

याखेरीज काही खुणा रोजच्या वावरात आपोआप कळतात. स्विच दाबताना चरचर आवाज येणे, पंखा लावला की दिवा मिचकावणे, पिन थोडी हलवली की उपकरण चालू-बंद होणे, बोर्डावर तपकिरी वलय उमटणे, प्लास्टिकची कड वितळून गोलसर होणे, यांपैकी एकही खूण किरकोळ समजू नये. वासाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. स्विच-सॉकेटसाठी वापरले जाणारे काही प्रकारचे प्लास्टिक तापले की जळकट वासाच्या आधी सडक्या मासळीसारखा वास येतो. कोकणातल्या किंवा मासे खाणाऱ्या कोणत्याही घरात हा वास स्वयंपाकघराच्या खात्यावर जमा होण्याची शक्यता मोठी आहे. घरात मासळी आणलेली नसताना असा वास येत असेल, तर एकेका बोर्डाजवळ जाऊन तो कुठून येतो ते शोधावे, आणि सापडेपर्यंत मेन स्विच बंद ठेवावा.

सांधे सैल का होतात, हे कळले तर काम करून घेताना काय पाहायचे तेही कळते. तापणे आणि थंड होणे या रोजच्या चक्रात तांबे प्रसरण-आकुंचन पावते आणि स्क्रूची पकड हळूहळू कमी होते. वायर सोलताना निष्काळजीपणे दोन-चार तारा तुटल्या, तर उरलेल्या तारांवर भार येतो. एका स्क्रूखाली तीन-तीन वायरी कोंबल्या, तर त्यांतील एखादी नीट आवळली जात नाही. समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेमुळे तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीवर तर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर कुठेही धरतो. म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदा, मेन बंद करून, घरातील सर्व पॉवर पॉइंट आणि डीबीमधील, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीतील, सर्व स्क्रू परवानाधारक वायरमनकडून आवळून घ्यावेत. या कामाला काही तास लागतात आणि त्याची मजुरी तुलनेने मामुली असते. तरीही रंगकामावर हजारो रुपये खर्च करणारी किती घरे हे काम आठवणीने करून घेतात, असा प्रश्न मला पडतो. रंग देण्याच्या वेळी बोर्डाच्या प्लेटा काढलेल्याच असतात. त्याच दिवशी वायरमनला बोलावणे सर्वांत सोयीचे.

भार आणि वायर

वायरीची जाडी तिच्या तांब्याच्या काटछेदाच्या क्षेत्रफळावरून, म्हणजे चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि बोलताना आपण ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ असे म्हणतो. साधारणपणे दिवे-पंख्यांसाठी एक किंवा दीड, १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटसाठी अडीच, आणि एसी किंवा मोठ्या गिझरसाठी चार एमएमची वायर वापरली जाते. नेहमीच्या पीव्हीसी आवरणाच्या वायरीतील तांब्याचे तापमान सतत ७० अंश सेल्सिअसच्या वर राहू नये असा तिचा घडणीचा हिशेब असतो. त्याहून जास्त तापलेली वायर त्याच दिवशी जळत नाही, पण तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

कोणते उपकरण किती अँपिअर घेते, हे काढायला त्यावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्याला २३० ने भागावे. २००० वॅटची इंडक्शन शेगडी सुमारे ८.७ अँपिअर घेते, १५०० वॅटची किटली साडेसहा, आणि ८०० वॅटचा टोस्टर साडेतीन. ही तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावली तर जवळजवळ १९ अँपिअर होतात, आणि बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ एक्स्टेंशन बोर्डांची वायर व सॉकेट फक्त ६ अँपिअरसाठी बनवलेली असतात. तो बोर्ड ज्या पॉवर पॉइंटला लावला आहे त्याचा एमसीबी २० अँपिअरचा असेल, तर तो पडणारही नाही. पातळ वायर मात्र तापेल, आणि ती पलंगाखाली गुंडाळून ठेवलेली असेल तर वेटोळ्यातील उष्णता बाहेर न पडल्यामुळे अधिकच तापेल. ६ अँपिअरच्या सॉकेटात १६ अँपिअरची जाड पिन बसत नाही, ही सोय निर्मात्यांनी आपल्यासाठीच केलेली आहे. ती चुकवण्यासाठी जे कन्व्हर्टर विकले जातात ते घरात आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मिक्सर, टीव्ही, मोबाइलचा चार्जर, दिवा एवढ्यापुरता एक्स्टेंशन बोर्ड ठीक आहे. इस्त्री, गिझर, हीटर, शेगडी, एसी, फ्रीज आणि पाणी तापवण्याची कॉइल यांना भिंतीतील स्वतंत्र पॉइंटच हवा. आजचे स्वयंपाकघर वीस वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरापेक्षा कितीतरी जास्त वीज घेते, आणि भिंतीतील वायर मात्र बहुतेक घरांत तीच आहे.

एमसीबीविषयी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली अशी की तो उपकरणाचे रक्षण करण्यासाठी नसून भिंतीतील वायरीचे रक्षण करण्यासाठी आहे, म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. गिझर लावला की एमसीबी पडतो अशी तक्रार केल्यावर ‘थोडा मोठा टाकून देतो’ असे म्हणून २० च्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवणारा कारागीर तुमची तक्रार दूर करतो आणि धोका भिंतीत गाडून जातो. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये ठराविक तारेऐवजी वायरीचे जाड तांबे गुंडाळण्याची जी सवय होती, तिचेच हे नवे रूप आहे. दुसरी गोष्ट अशी की १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरला लगेच पडत नाही. मानकानुसार त्याने आकड्याच्या १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर, तासभर वाहू दिले पाहिजेत, आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर झाल्यास तासाच्या आत तोडले पाहिजे. यावरून लक्षात येईल की थोडासा पण दीर्घकाळचा जास्त भार एमसीबीच्या नजरेतून सुटू शकतो. तो आपणच टाळायचा असतो.

जुने वाडे आणि चाळी यांतील वायरिंगबद्दल मला विशेष काळजी वाटते. पुणे, सातारा, नाशिक येथील वाड्यांत आणि मुंबईच्या चाळींत अजूनही कुठे कुठे लाकडी केसिंग-कॅपिंगमधून गेलेल्या, रबर व कापडी आवरणाच्या वायरी आढळतात. त्यांचे रबर इतके ठिसूळ झालेले असते की वायर वाकवली तर ते भुगा होऊन पडते, आणि भोवती वाळलेले सागवान असते. असे घर भाड्याचे असो की मालकीचे, तेथे नव्या उपकरणाची भर घालण्याआधी वायरिंग बदलले पाहिजे. मालक-भाडेकरूंचा वाद असेल तर निदान गिझर आणि एसी यांच्यासाठी डीबीपासून स्वतंत्र नवी वायर ओढून घ्यावी. पीव्हीसीची वायर असलेली घरेही पंचवीस-तीस वर्षांनंतर एकदा मेगर (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारे उपकरण) लावून तपासून घ्यावीत. ५०० व्होल्टच्या या चाचणीत आवरणाचा रोध एक मेगाओहमपेक्षा कमी आला, तर ते आवरण थकले आहे किंवा कुठेतरी ओल शिरली आहे.

नवी वायर घेताना तिच्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक छापलेला आहे का, ते पाहावे. एफआर म्हणजे आगीला पुढे पसरू न देणारे आवरण, आणि एफआरएलएस म्हणजे त्याशिवाय जळताना कमी धूर सोडणारे. साध्या पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड हा घसा आणि डोळे जाळणारा वायू असतो, आणि आगीत माणसे ज्वाळांच्या आधी धुराने गुदमरतात, म्हणून फरकाचे थोडे पैसे द्यावेत. यांतील कोणतीही वायर मुळीच न जळणारी नसते, हेही ध्यानात ठेवावे.

ओल, उंदीर आणि न्यूट्रल

पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीतील बोर्डाला हात लावला की मुंग्या येतात, असे ज्या घरी होते तेथे वीज भिंतीत गळत असते. गळतीचा प्रवाह फक्त ३०० मिलिअँपिअर असला तरी २३० व्होल्टवर तो सुमारे ६९ वॅट उष्णता एका ठिकाणी ओतू शकतो, आणि ओलसर धुळीवरून वाहताना तो प्लास्टिकवर कोळशाची बारीक रेघ काढत जातो, जिच्यावरून पुढे आणखी प्रवाह वाहतो. यासाठी आरसीसीबी हवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाचा जीव वाचवतो आणि गळतीतून लागणारी आगही रोखतो. अर्थिंग नसले तरी तो काम करतो, पण अर्थिंग चांगले असेल तर उपकरणातील गळती कोणाचा हात लागण्याआधीच त्याला कळते. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो खरोखर पडतो का ते पाहावे. न पडल्यास तो बदलावा. वारंवार पडतो म्हणून त्याला बगल देऊन थेट जोडणी करून घेणारी घरे मी पाहिली आहेत. त्या घरांतील दोष दूर झालेला नसतो, फक्त तो सांगणारा गप्प झालेला असतो. ओल असेल तर बोर्ड बदलण्याआधी पाण्याची गळती बंद करावी, आणि शक्य असल्यास त्या भिंतीवरचा पॉइंट दुसऱ्या भिंतीवर हलवावा.

उंदीर वायरीचे आवरण कुरतडतात, पाली आणि मुंग्या बोर्डात शिरतात. बोर्डाची रिकामी भोके झाकणपट्टीने बंद करणे आणि माळ्यावरील उघड्या वायरी पाइपात घालणे, एवढे केले तरी पुरे.

न्यूट्रलविषयी मात्र थांबून सांगायला हवे, कारण तो प्रसंग आला तर काही मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो. वस्तीला तीन फेजची वीज येते आणि घरांची विभागणी त्या तीन फेजांवर झालेली असते. या सर्वांचा सामाईक न्यूट्रल कुठेतरी, खांबावर किंवा इमारतीच्या मीटर पॅनेलमध्ये, तुटला किंवा सैल झाला तर काही घरांत व्होल्टेज खूप वाढते आणि काही घरांत खूप घटते. २३० च्या जागी ३०० किंवा ३५० व्होल्टही येऊ शकतात. अशा वेळी काही दिवे डोळे दिपवतील इतके प्रखर होतात, पंखे वेगाने फिरतात, टीव्ही आणि चार्जर जळतात, आणि त्यांतूनच पेट घेतला जातो. असे दिसताक्षणी आधी मेन स्विच बंद करावा आणि मगच काय झाले याची चौकशी करावी. महावितरणच्या ग्राहकांना १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जेथे हा प्रकार पूर्वी घडला आहे, तेथे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारे संरक्षक उपकरण मेनजवळ बसवून घ्यावे.

सणांचे दिवस

गणपतीच्या दहा दिवसांत घरात कापडी पडदे, कागदी फुले, पुठ्ठ्याचे मखर, समई-निरांजन आणि विजेच्या माळा हे सर्व हातभर अंतरात एकत्र येते. मखरामागे एकाला एक जोडत नेलेल्या माळांचे सांधे नुसते पिळून त्यावर टेप गुंडाळलेली असते. ते सांधे कापडाला टेकू देऊ नयेत, आणि एका माळेतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी साखळी करू नये. फोकसचा दिवा मखरापासून दूर ठेवावा, कारण जुन्या हॅलोजनच्या दिव्याची काच कागद पेटवण्याइतकी तापते. एलईडीचे दिवे त्या मानाने पुष्कळच कमी तापतात, पण त्यांचा लहानसा अडॅप्टर तापतो, म्हणून तो आरासीच्या कापडाखाली झाकून ठेवू नये. रात्री आरास चालू ठेवण्याचा मोह होतो. देवापुढे तेलाचा एक दिवा तेवत ठेवण्याची प्रथा असेल तर तो धातूच्या ताटात, वाऱ्यापासून सुरक्षित ठेवावा, आणि विजेच्या माळा मात्र झोपण्याआधी मुख्य स्विचवरून बंद कराव्यात. दिवाळीतील कागदी आकाशकंदिलात ६० किंवा १०० वॅटचा जुना बल्ब न लावता एलईडीचाच लावावा, आणि बाल्कनीत ओढलेली वायर ग्रिलच्या धारेवर घासत नाही ना, हे पाहावे.

बॅटऱ्या आणि सौरपट्ट्या

इन्व्हर्टरच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन हा ज्वलनशील वायू निघतो, म्हणून ती बंद कपाटात किंवा देवघराखालच्या कप्प्यात ठेवू नये. तिच्या टर्मिनलवरचे क्लॅम्प घट्ट असावेत आणि त्यांवर पांढरी पूड जमू देऊ नये. १२ व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, असे वाटते खरे, पण ८०० वॅटचा भार चालवताना त्या वायरीतून सत्तर अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो, आणि सैल क्लॅम्पवर त्याचा वर्ग उष्णता होऊन उतरतो.

ई-स्कूटरच्या लिथियम बॅटरीचा प्रश्न निराळा आहे. तिच्या आतील एखादा सेल बिघडून तापू लागला की ती उष्णता शेजारच्या सेलला बिघडवते, आणि ही साखळी एकदा सुरू झाली की घरच्या साधनांनी थांबत नाही. २०२२ साली अशा घटनांनंतर केंद्र सरकारने या बॅटऱ्यांचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक केले. बॅटरी घरात आणून चार्ज करावी लागत असेल तर ती बाहेर पडण्याच्या वाटेवर, दाराजवळ किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, रात्रभर लावून झोपू नये, निर्मात्याचाच चार्जर वापरावा, आणि गाडी पडल्यानंतर किंवा पुराच्या पाण्यात बुडाल्यानंतर तपासल्याशिवाय ती चार्ज करू नये. फुगलेला मोबाइलही याच कारणाने वापरातून काढावा.

छतावर सौरपट्ट्या बसवणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे की पट्ट्यांपासून इन्व्हर्टरपर्यंतची वीज एकदिश, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी (डीसी), असते. घरातील प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलत राहणारा, प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझण्याची संधी मिळते. एकदिश प्रवाहात ती मिळत नाही, आणि सैल कनेक्टरमधील ठिणगी धगधगत राहते. म्हणून ते कनेक्टर एकाच बनावटीचे, योग्य अवजाराने दाबून बसवलेले असावेत, आणि वर्षातून एकदा छतावर चढून ते पाहावेत.

जिन्याखालचा मीटर

घराच्या आत सर्व काही चोख असूनही एक धोका राहतो, आणि तो एकट्याने दूर करता येत नाही. आपल्याकडच्या असंख्य इमारतींत मीटरचे पॅनेल तळमजल्यावर जिन्याच्या खाली असते, आणि त्याच जागी स्कूटर लावलेल्या असतात, जुने दरवाजे, रंगाचे डबे, रद्दी रचलेली असते. पॅनेल पेटले की ते सामान पेटते, आणि जिना धुराड्यासारखे काम करून सगळा धूर वर नेतो. वरच्या मजल्यावरील माणसे ज्या वाटेने सुटायची तीच वाट बंद होते. उंच इमारतींतील विजेच्या उभ्या डक्टचेही असेच आहे. प्रत्येक मजल्यावर त्या डक्टमधील फट अग्निरोधक पदार्थाने बुजवलेली असली पाहिजे, आणि आत चपला किंवा झाडू ठेवलेले नसले पाहिजेत. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू आहे, त्यांनी परवानाप्राप्त संस्थेकडून तपासणी करून दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत प्रमाणपत्र सादर करायचे असते. ते खरोखर तपासून दिले जाते का, असे विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे.

पेट घेतलाच तर

मेन स्विच कुठे आहे, हे घरातील प्रत्येकाला, आजी-आजोबांना आणि मोठ्या मुलांनाही, अंधारात सापडेल इतके माहीत असावे. त्याच्यापुढे कपाट किंवा कॅलेंडर नसावे. बोर्डातून धूर किंवा ठिणग्या दिसल्या तर त्या बोर्डाला हात न लावता मेन बंद करावा. वीज चालू असताना पाणी कधीही टाकू नये. एबीसी प्रकारच्या कोरड्या पावडरचे एक-दोन किलोचे अग्निशामक नळकांडे स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, आग लागल्यावरही हात पोहोचेल अशा जागी ठेवावे, आणि त्यावरील दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे अधूनमधून पाहावे. नळकांड्याचा उपयोग आग लहान असेपर्यंत, आणि तुमची पाठ बाहेरच्या दाराकडे असेल तरच करावा. ती छतापर्यंत पोहोचली असेल तर सर्वांना बाहेर काढावे, जाताना त्या खोलीचे दार ओढून घ्यावे, म्हणजे धूर आणि हवा दोन्ही अडतात, लिफ्ट वापरू नये, आणि बाहेर येऊन १०१ किंवा ११२ वर फोन करावा. धूर भरला असेल तर जमिनीलगत वाकून किंवा रांगत जावे. बाल्कनीला कायमची ग्रिल असेल तर तिच्यात उघडणारी खिडकी करून घ्यावी, आणि तिची किल्ली जवळच ठरलेल्या जागी ठेवावी.

आग आटोक्यात आल्यावर वीज पुन्हा सुरू करण्याची घाई होते, विशेषतः फ्रीजमधील अन्न किंवा पाण्याचा पंप आठवतो तेव्हा. ज्या सर्किटमध्ये आग लागली त्याचा एमसीबी वायरमनने पाहिल्याशिवाय वर करू नये. ज्या बोर्डात ती लागली तो बोर्ड आणि तेथपर्यंत आलेली वायर पूर्ण बदलावी, कारण तापलेल्या वायरीचे आवरण भिंतीतील पाइपात किती लांबपर्यंत भाजले आहे, हे बाहेरून दिसत नाही.